व्हँपायर चालतो, शेख चालतो. सलीम का चालत नाही?

प्रेमकथांच्या कादंबऱ्यांविषयी सगळ्यात ठाम मतं असतात ती त्या न वाचणाऱ्यांची. साहित्यातल्या थोरामोठ्यांच्या लेखी हा सगळा टाइमपास, रद्दीच्या दुकानात किलोवर मिळणारा माल. आमच्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांच्या लेखी ही पोरींना बिघडवणारी बेशरमी. दोघांनीही एखादी कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचलेली नसते. मी वाचल्या आहेत आणि भरपूर वाचल्या आहेत. शहरातल्या ऑफिसात, फ्लॅटमध्ये घडणाऱ्या वाचल्या, तशा रक्त पिणाऱ्या व्हँपायरच्या आणि लांडग्याचं रूप घेणाऱ्या तरुणांच्याही वाचल्या. काही आवडल्या, काही अर्ध्यावर फेकून दिल्या. त्यामुळे इथे जे लिहिते आहे ते समीक्षक म्हणून नाही, पैसे आणि रात्री खर्च केलेली वाचक म्हणून.

या कादंबऱ्या स्वस्त आहेत किंवा अश्लील आहेत, ही माझी तक्रार नाही. त्या माफी वाटतात. पुरुष कितीही वाईट वागलेला असो, शेवटच्या प्रकरणापर्यंत त्याला समजून घ्यायला त्या वाचकाला शिकवतात. हे शिकवणं मला वाईट वाटत नाही, कारण माणसाला समजून घेणं हे कादंबरीचं कामच आहे. प्रश्न एवढाच की ही माफी कोणाला मिळते आणि कोणाच्या वाट्याला ती कधीच येत नाही, याचा हिशेब कोण ठेवणार?

आधी बचाव

हल्ला करण्यापूर्वी या प्रकाराच्या बाजूने जे बोलायला हवं ते बोलून घेते.

पामेला रेजिस या अमेरिकी अभ्यासिकेने २००३ साली या कादंबऱ्यांच्या इतिहासावर एक पुस्तक लिहिलं. त्यात तिने प्रेमकथेचे आठ आवश्यक घटक सांगितले आहेत. भेट, आकर्षण, प्रेमाची कबुली हे त्यातले ओळखीचे. पण सगळ्यात महत्त्वाचा घटक म्हणजे अडथळा. दोघांनी एकत्र येऊ नये म्हणून मध्ये काहीतरी उभं असतं. पैसा, घराणं, गैरसमज, युद्ध, जुनं दुःख. कादंबरी म्हणजे तो अडथळा दूर होण्याची हकिकत. शेवट सुखाचा असतो हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. तरी ती वाचते, कारण अडथळा नेमका कसा दूर होतो हे तिला पाहायचं असतं.

जॅनिस रॅडवे यांचं ‘रीडिंग द रोमान्स’ हे १९८४ सालचं पुस्तक तर या वाचक बायकांशी प्रत्यक्ष बोलून लिहिलेलं. अमेरिकेतल्या एका मध्यम गावातल्या गृहिणींना त्यांनी विचारलं, तुम्ही हे का वाचता? उत्तरात प्रेम नंतर आलं. आधी आलं ते हे की पुस्तक हातात असतं तेवढा वेळ माझा असतो. नवरा, मुलं, स्वयंपाक, सगळ्यांना थोडा वेळ थांबावं लागतं. आपल्याकडच्या ज्या घरात बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते, तिथे या उत्तराचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. रॅडवे मात्र एवढ्यावर थांबत नाहीत. हे वाचन बाईला विसावा देतं, पण तिला विसावा का लागतो हा प्रश्न ते बाजूला ठेवतं, असंही त्या म्हणतात. मला दोन्ही गोष्टी पटतात.

बाईच्या हातातल्या पुस्तकाची धास्ती आपल्याला नवी नाही. डिप्टी नजीर अहमद यांनी १८६९ मध्ये ‘मिरातुल उरूस’ लिहिली. त्यात शहाणी असगरी घर सांभाळते आणि उनाड अकबरी घर बुडवते. म्हणजे उर्दूतल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी एक मुलींना वळण लावण्यासाठीच लिहिली गेली. पुढे मौलाना अशरफ अली थानवी यांच्या ‘बहिश्ती जेवर’मध्ये तर कोणती पुस्तकं वाचू नयेत याची यादीच आली. दास्ताना, परीकथा, इश्काचे किस्से, सगळे त्या यादीत. मराठीतही वेगळं काही घडलं नाही. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात छापून आली, अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये लेखक सुटला. धर्म कोणताही असो, प्रेमाचं पुस्तक दिसलं की पहारेकरी उभे राहतात. त्या पहारेकऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही.

दात काढा, पैसे घाला

आता अलौकिक प्रेमकथांकडे येऊ. स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ २००५ साली आली आणि २००८ पर्यंत तिचे चार भाग पूर्ण झाले. आपल्याकडेही कॉलेजच्या पोरींच्या पिशव्यांमध्ये या जाडजूड काळ्या पुस्तकांनी जागा पटकावली. नायक एडवर्ड १९०१ सालचा जन्म असलेला व्हँपायर. नायिका बेला सतरा वर्षांची. तो तिच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना तिला पाहत बसतो. एकदा नाही, जवळजवळ रोज. तिसऱ्या भागात, ती आपल्या मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीचं इंजिनच निकामी करून ठेवतो. त्याने पूर्वी माणसं मारलेली आहेत, हेही तो स्वतःच सांगतो. आणि हजारो पानं आपल्याला हेच पटवतात की बिचारा किती संयमी आहे, तिचं रक्त प्यावंसं वाटत असूनही पीत नाही.

हा संयम म्हणजे प्रेम, असं ही कादंबरी सांगते. इजा करण्याची ताकद असून इजा न करणं हा नायकाचा मोठेपणा. मला हे गणितच मान्य नाही. मारत नाही म्हणून चांगला, ही पुरुषाला लावायची सगळ्यात खालची पट्टी आहे. ज्या घरांत आजही ‘हात तर उचलत नाही ना?’ असं विचारून मुलीला सासरी परत पाठवलं जातं, तिथे ही पट्टी आणखी खाली नेण्याची गरज नाही.

एडवर्डचे दात काढा आणि त्याच्या खात्यात पैसे घाला, की ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ तयार होते. हा माझा विनोद नाही. ई. एल. जेम्स यांची ही २०११ ची कादंबरी ‘ट्वायलाइट’च्या चाहत्यांसाठी इंटरनेटवर लिहिलेल्या कथेतूनच जन्मली, नंतर नावं बदलली. नायक ख्रिश्चन ग्रे नायिकेच्या फोनवरून तिचा ठावठिकाणा शोधतो, ती नोकरी करते ती कंपनीच विकत घेऊन टाकतो. बेडरूममधल्या ज्या दृश्यांवरून जगभर गदारोळ झाला, त्यात निदान करार तरी आहे, दोघांची चर्चा तरी आहे. मला भीती वाटली ती बेडरूमच्या बाहेरच्या प्रसंगांची. तिथे कसला करार नाही. ती कुठे जाते, काय खाते, कुठे काम करते, सगळं त्याच्या ताब्यात आणि या सगळ्याचं नाव काळजी.

कॉलीन हूव्हर यांची ‘इट एन्ड्स विथ अस’ (२०१६) या तुलनेत मला प्रामाणिक वाटली. भाषा सपाट आहे, योगायोग फार आहेत, फुलांचं दुकान चालवणारी नायिका आणि देखणा न्यूरोसर्जन नायक म्हणजे सरळ साच्यातून काढलेले. पण तो हात उचलतो तेव्हा ती माफ करते आणि तिच्याबरोबर आपणही माफ करतो, हे लेखिकेने मुद्दाम घडवलं आहे. पुन्हा घडतं, पुन्हा माफी. शेवटी मुलीच्या जन्मानंतर नायिका त्याला सोडते. वाचकाला तिने आधी आरोपीच्या बाजूला बसवलं आणि मग उठवलं. एवढ्या लोकप्रिय पुस्तकात हे घडतं, हे थोडकं नाही. मात्र बाजाराला ते झेपलं नाही. याच पुस्तकावर आधारित रंगभरणाचं पुस्तक काढण्याची घोषणा २०२३ च्या जानेवारीत झाली. घरगुती हिंसेवरच्या कथेत रंग कसले भरायचे, असा वाचकांनी आवाज उठवल्यावर ते मागे घेतलं गेलं. म्हणजे वाचकाला कळतं. वाचक मूर्ख नाही. तिला मूर्ख समजून पुस्तकं विकली जातात.

माफीचा नकाशा

इथवर लिहिलेलं स्त्रीवादी समीक्षेत अनेकींनी मांडलेलं आहे. मला पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. माफ केलेल्या नायकांची यादी करून बघा. शंभर वर्षांचा रक्तपिपासू चालतो. बायकोला मारणाऱ्याची बाजूही समजून घेतली जाते. मग कोण चालत नाही?

१९१९ साली ई. एम. हल या इंग्रज लेखिकेची ‘द शेख’ ही कादंबरी आली आणि तुफान खपली. १९२१ मध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला घेऊन त्यावर मूकपट निघाला. डायना मेयो ही इंग्रज तरुणी अल्जेरियाच्या वाळवंटात फिरायला जाते. अहमद बेन हसन नावाचा शेख तिला पळवतो, तिच्यावर बलात्कार करतो, आणि ती त्याच्या प्रेमात पडते. शेवटी उघड होतं की हा शेख मुळात अरब नाहीच. बाप इंग्रज उमराव, आई स्पॅनिश. म्हणजे गुन्हा करताना तो अरब असतो आणि नवरा व्हायची वेळ आली की युरोपियन होतो. बलात्कार माफ होऊ शकतो, अरब असणं माफ होऊ शकत नाही. या कादंबरीएवढं उघड कोणी हे सांगितलं नसेल.

पुढच्या काळात शेखांची एक लांबलचक रांगच लागली. १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या आणि २००८ साली भारतात स्वतःचं कार्यालय थाटलेल्या ‘मिल्स अँड बून’च्या यादीत शेख हा कायमचा पाहुणा आहे. नकाशावर नसलेलं एखादं वाळवंटी राज्य, तेलाचा पैसा, घोडा, ससाणा, तंबूतले गालिचे. मी यातल्या बऱ्याच वाचल्या. नायक मुसलमान असावा असं नावावरून वाटतं. पण माझ्या वाचनात आलेल्या शेखांपैकी कोणी नमाज पढताना दिसला नाही. त्याच्या राज्यात अजान होत नाही, रमजान येत नाही, कोणाची मय्यत उठत नाही. मुसलमानातून इस्लाम काढून घेतला आणि मागे फक्त पैसा, पुरुषीपणा आणि मसाल्याचा वास ठेवला, की तो विकायला तयार. हसु-मिंग टिओ यांचं ‘डेझर्ट पॅशन्स’ (२०१२) आणि अमिरा जरमकानी यांचं ‘अॅन इम्पिरिअलिस्ट लव्ह स्टोरी’ (२०१५) ही दोन पुस्तकं या शेखांवरच आहेत. जरमकानी यांचा प्रश्न तर थेट आहे. ज्या काळात अमेरिका ‘दहशतवादाविरुद्धचं युद्ध’ लढत होती, त्याच काळात तिथल्या बायकांच्या उशाशी शेख कसा काय होता? उत्तर कठीण नाही. खऱ्या अरबाला टीव्हीवर घाबरायचं आणि बनावट अरबावर पुस्तकात प्रेम करायचं, या दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदू शकतात. कारण दोन्हींमध्ये खरा माणूस कुठेच नाही.

‘ट्वायलाइट’मध्येही हेच घडलं आहे. त्यातला लांडग्याचं रूप घेणारा जेकब आणि त्याचे साथीदार ही कल्पित जमात नाही. क्विल्यूट ही वॉशिंग्टन राज्यात ला पुश इथे राहणारी खरी आदिवासी जमात आहे. तिचं नाव घेऊन, तिच्या लोककथेत व्हँपायरशी वैर घुसडून लेखिकेने ही पोरं रंगवली. गोरा व्हँपायर सभ्य, संयमी, पियानो वाजवणारा. आदिवासी तरुण रागीट, उघडाबंब, ताबा सुटणारा. नंतर सिएटलच्या बर्क संग्रहालयाला या जमातीच्या साथीने खरं काय आणि पुस्तकातलं काय, हे लोकांना समजावून सांगावं लागलं. माणसाचं रक्त पिणारा गोरा आणि माणसाला वाचवणारा आदिवासी यांतही नायिकेचा निकाल ठरलेला असतो.

याहून बोलकं उदाहरण २०२१ चं. अमेरिकेतल्या प्रेमकथा लेखकांच्या संघटनेने, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकाने, कॅरन विटमायर यांच्या ‘अॅट लव्हज कमांड’ या कादंबरीला धार्मिक-आध्यात्मिक प्रेमकथेचा पुरस्कार दिला. तिचा नायक घोडदळातला अधिकारी. १८९० साली वुंडेड नी इथे अमेरिकी सैन्याने लकोटा आदिवासींची कत्तल केली, बायका-मुलांनाही सोडलं नाही. नायक त्या कत्तलीत सामील. मग त्याला पश्चात्ताप होतो, तो देवाकडे क्षमा मागतो आणि पुढे त्याला प्रेम मिळतं. वाचकांनी आणि लेखिकांनी संताप व्यक्त केल्यावर पुरस्कार मागे घेण्यात आला. याच संघटनेच्या जुन्या पुरस्कारावर २०१९ पर्यंत एकाही कृष्णवर्णीय लेखिकेचं नाव नव्हतं. तो पुरस्कार सुरू झाला १९८२ साली. कत्तल करणाऱ्याचं मन कळायला एक कादंबरी पुरली, आणि काळ्या बाईचं प्रेम वाचायला सदतीस वर्षं लागली. माफीचा नकाशा हा असा असतो.

आता सलीमकडे

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं, आपला काय संबंध? संबंध हा की पुस्तकं इथेही वाचली जातात आणि नकाशा इथेही आहे. फक्त इथला नकाशा सरकारी कागदावर आहे.

मिरजेत किंवा मालेगावात गॅरेज चालवणारा, नाहीतर पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा एक सलीम डोळ्यांसमोर आणा. त्याने कोणाचं रक्त प्यायलेलं नाही. तो कोणाच्या खिडकीतून आत शिरत नाही. तो शंभर वर्षांचा नाही, अब्जाधीश नाही, त्याचं वाळवंट नाही. त्याला एक हिंदू मुलगी आवडते आणि तिलाही तो आवडतो. एवढ्यावरून त्याच्या नावापुढे जिहाद लागतो. उत्तर प्रदेशात २०२० च्या नोव्हेंबरमध्ये धर्मांतरविरोधी अध्यादेश आला. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरमध्ये सरकारने विवाहांवर लक्ष ठेवणारी समन्वय समिती नेमली. आधी तिच्या कक्षेत आंतरजातीय लग्नंही होती. टीका होताच ती वगळली, आंतरधर्मीय तेवढी ठेवली. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्याचा अभ्यास करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती आली. प्रेमाचा अभ्यास करायला पोलीस!

रेजिसबाईंनी सांगितलेला अडथळा आठवतोय ना? भारतात तो लेखकाला कल्पनेने रचावा लागत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या कलम ५, ६ आणि ७ मध्ये तो छापलेला आहे. दोघांनी विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाणार आणि तीस दिवस कोणीही येऊन हरकत घेऊ शकणार. नाव, पत्ता, सगळं भिंतीवर. त्या तीस दिवसांत कोण कोण ती भिंत वाचून जातं, हे ज्यांनी असं लग्न केलं आहे त्यांना विचारा. एडवर्ड गुपचूप खिडकीतून येतो ते रोमँटिक. सलीम सरकारी दारातून, अर्ज भरून, साक्षीदार घेऊन येतो ते कारस्थान.

‘अहो, व्हँपायर काल्पनिक आहे, सलीम खरा आहे, तुलना कशी करता?’ असा प्रश्न येईलच. माझा मुद्दा नेमका तोच आहे. व्हँपायरला माफ करणं फुकट असतं. तो तुमच्या सोसायटीत भाड्याने घर मागत नाही, तुमच्या पोराबरोबर शाळेत त्याचं पोर बसत नाही, त्याला मत नाही, आडनाव नाही. सलीमला समजून घ्यायला काहीतरी द्यावं लागतं. ज्याची काही किंमत द्यावी लागत नाही अशा माणसावर प्रेम करायला शिकवणारं पुस्तक वाईट नसतं. पण त्यालाच प्रेमाची व्यापक दृष्टी म्हणून मिरवणं मला पटत नाही.

आपल्या घरातला एडवर्ड

हे वाचून आमच्या मंडळींना बरं वाटत असेल, तर जरा थांबा. पुढचं तुमच्यासाठी आहे.

‘या नॉव्हेली मुलींना बिघडवतात’ म्हणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी ‘ट्वायलाइट’ वाचली, तर एडवर्ड त्यांना मनापासून आवडेल, याची मला खात्री आहे. तो लग्नाआधी मुलीला हात लावायला तयार नाही. निकाह आधी, बाकी नंतर, हा त्याचा हट्ट आहे. ती कोणाला भेटते यावर त्याची नजर आहे. तिच्या भल्यासाठी तिला न विचारता तो निर्णय घेतो. आपल्याकडे याला गैरत म्हणतात आणि त्याची तारीफ होते. मुलीचा मोबाइल तपासणारा भाऊ, ‘बाहेरचं जग वाईट आहे’ म्हणून तिचं कॉलेज सोडवणारा बाप, हे सगळे दात नसलेले एडवर्डच आहेत. पुस्तकातल्या एडवर्डला निदान मिटवून ठेवता येतं.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. उर्दू वाचणाऱ्या आपल्या घरांमध्ये उमेरा अहमद यांची ‘पीर-ए-कामिल’ ही कादंबरी किती प्रेमाने वाचली जाते, हे सांगायला नको. २००४ साली पुस्तकरूपात आली. वाया गेलेला हुशार सालार आणि निश्चयी इमामा. सालारचं बदलणं लेखिकेने ताकदीने लिहिलं आहे. मक्केतली प्रकरणं वाचताना डोळे भरून येतात, हे मी नाकारणार नाही. पण इमामाचा अडथळा कोण आहे ते पाहा. तिचं अहमदिया कुटुंब. ती आपल्या घरच्यांची श्रद्धा सोडून बाहेर पडते आणि कादंबरी ते घर म्हणजे अंधार, हे धरूनच चालते. १९७४ साली घटनादुरुस्ती करून ज्यांना मुसलमान नाही असं पाकिस्तानने जाहीर केलं, त्या छोट्या, घाबरलेल्या समाजाला आपल्या सगळ्यात लाडक्या प्रेमकथेत जी जागा मिळाली, तीच जागा इथे बहुसंख्याकांच्या गोष्टीत सलीमला मिळते. अकीद्याचा वाद आलिमांनी करावा, मी त्यात पडत नाही. मी वाचक म्हणून विचारते. सालारला सुधारायला शेकडो पानं दिलीत, इमामाच्या बापाला माणूस म्हणून उभं करायला किती दिलीत? आपल्यावर होणारा अन्याय आपण ओळखतो. तोच अन्याय आपण वाचत असताना आपल्याला गोड लागतो.

ज्या मला आवडल्या

नुसतं झोडपून थांबले तर ते अप्रामाणिक होईल. या प्रकारात चांगलं लिहिणाऱ्या आहेत.

फिजीत जन्मलेल्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या नलिनी सिंग यांची सायकी-चेंजलिंग मालिका २००६ मध्ये ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’पासून सुरू झाली. त्यात एका मानवसदृश वंशाने हिंसा संपवायची म्हणून भावनाच संपवल्या आहेत. रडणं, हसणं, प्रेम, सगळं शिस्तीने दाबलेलं. नायिका साशा त्या वंशातली, नायक ल्यूकस बिबट्याचं रूप घेणारा. नायकाचा मालकीहक्क दाखवण्याचा सोस इथेही मला खटकतो. पण अडथळा कोणाची जात किंवा जमात नाही. अडथळा आहे माणसाला भावनाहीन करणारी राजवट. आणि ज्याला तिचे लोक दोष समजतात तोच साशाचा गुण ठरतो. अलौकिक कथा लिहायचीच तर ती अशा कामी लावावी.

दुसरीकडे टोरंटोच्या उज्मा जलालुद्दीन यांची ‘आयेशा अॅट लास्ट’ (२०१८). जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा साचा घेऊन कॅनडातल्या मुस्लीम मोहल्ल्यात रचलेली. आयेशा शिक्षिका आहे, कविता करते, हिजाब घालते. खालिद दाढीवाला, पांढऱ्या झब्ब्यातला, आईच्या पसंतीने लग्न करायला निघालेला. म्हणजे टीव्हीवर ज्याला बघून लोक चॅनल बदलतात तो माणूस इथे नायक आहे! ऑफिसात त्याच्या पोशाखावरून त्याला छळलं जातं, आणि आयेशाही आधी त्याला पोशाखावरूनच जोखते. कादंबरीत दोष आहेत. खालिदची आई फारच खलनायिका झाली आहे, शेवटी गाठी फार भराभर सुटतात. पण नायक नमाज पढतो आणि तरीही हसतो, चिडतो, लाजतो, प्रेमात पडतो. शेखांच्या एवढ्या तंबूंमध्ये जे सापडलं नव्हतं, ते मला या एका मोहल्ल्यात सापडलं. लंडनच्या आयेशा मलिक यांची ‘सोफिया खान इज नॉट ऑब्लाइज्ड’ आणि एस. के. अली यांची ‘लव्ह फ्रॉम ए टू झी’ या दोन कादंबऱ्याही याच वाटेवरच्या. या लेखिकांनी कोणाकडे प्रतिमा सुधारण्याची याचना केली नाही. त्यांनी गोष्ट लिहिली.

मग मराठीत?

मराठीत पळून गेलेल्या प्रेमिकांची गोष्ट ‘सैराट’ने २०१६ मध्ये सांगितली आणि शेवटी खरं काय होतं तेही दाखवलं. त्या शेवटाची गरज होती. पण प्रत्येक प्रेमाचा शेवट रक्तातच दाखवायचा, तर सुखाचा शेवट फक्त उच्चभ्रू गोऱ्यांच्या आणि व्हँपायरच्या मालकीचा राहील. मुसलमान पोराला मराठी गोष्टीत दंगलीत मरता येतं, शेर ऐकवणारा चाचा होता येतं, महाराजांचा इमानी मावळा होता येतं, बॉम्ब ठेवता येतो. त्याला चिपळूणच्या एसटी स्टँडवर कोणाची तरी वाट बघत उभं राहता येत नाही. अम्मीला कसं सांगावं या विचाराने रात्रभर जागता येत नाही. शबानाला नोकरीची बस चुकवून कोणाशी तरी भांडता येत नाही.

सोलापुरात १९९० साली पहिलं मुस्लीम मराठी साहित्य संमेलन भरलं. तेव्हापासून आपण ओळख, दंगली, मागासलेपण, भाषा यांवर भरपूर लिहिलं, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण प्रेमकथेवर परिसंवाद झाल्याचं मला आठवत नाही. आपल्यालाही ती हलकी वाटते. जिच्याकडे राज्यघटना, आरक्षण आणि इतिहास यांवर बोलायला वेळ आहे, त्या लेखिकेला ‘दोन माणसं एकमेकांना आवडली’ एवढं लिहायला लाज वाटते. आणि तिकडे त्याच दोन माणसांवर समित्या बसतात. सरकारला प्रेमकथा एवढी गंभीर वाटते, तर साहित्याला का वाटू नये?

म्हणून माझी मागणी दोघांकडे आहे. वाचकाकडे एवढीच, की पुढची कादंबरी हातात घ्याल तेव्हा पेन्सिल जवळ ठेवा. कोणाचा गुन्हा माफ होतोय तिथे एक खूण करा, कोणाला बोलायलाही मिळालं नाही तिथे दुसरी. पुस्तक संपलं की खुणा मोजा. कादंबरी आवडली तर आवडू द्या, वाचणं सोडू नका, आणि मुलीच्या हातातून तर ओढून घेऊ नकाच. लिहिणाऱ्यांकडे मात्र मागणी मोठी आहे. आम्हाला गोष्टी द्या. ज्यात सलीमला वाळवंट लागत नाही, पंख लागत नाहीत, इंग्रज बाप निघावा लागत नाही. ज्यात तो चुकतो, तिची माफी मागतो, आणि ती माफ करायची की नाही हे ती ठरवते. भिंतीवरची नोटीस वाचणारे नाहीत, समिती नाही आणि गैरतवाला भाऊही नाही.